छत्री एक, यंत्रं वीस: उपग्रहाचं नेट घरभर वाटताना

पुणे शहरात आता गल्लोगल्ली फायबर पोचलं आहे. पण पौड ओलांडून ताम्हिणीच्या वाटेला लागलं, पानशेतच्या पलीकडे गेलं किंवा वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर चढलं की मोबाइलची रेंज डोंगराआड जाते आणि फायबरही आलेलं नसतं. अशा ठिकाणी उपग्रहाचं नेट घेतलं जातं. कंपनीचा माणूस छत्री बसवतो, मोडेम लावतो, एका फोनवर नेट चालू करून दाखवतो आणि परत जातो. पुढे दोन लॅपटॉप, चार-पाच फोन, टीव्ही, प्रिंटर आणि गोठ्यावरचे कॅमेरे त्याच एका जोडणीवर कसे आणायचे, हे घरच्यांनाच बघावं लागतं. हा लेख त्या पुढच्या कामासाठी आहे.

सुरुवातीलाच एक चूक टाळा. टीव्हीच्या छत्रीची केबल दोन-तोंडी स्प्लिटर लावून दोन खोल्यांत नेता येते, म्हणून इंटरनेटच्या छत्रीची केबलही तशीच फोडायचा मोह होतो. टीव्हीची छत्री फक्त ऐकते. इंटरनेटची छत्री ऐकते आणि बोलतेही, आणि तिच्या तोंडाशी असलेल्या यंत्राला वीजही त्याच केबलमधून मिळते. मध्ये स्प्लिटर आला की मोडेमचा उपग्रहाशी संबंध तुटतो. छत्रीपासून मोडेमपर्यंतची वाट अखंड ठेवा. वाटणी करायची ती मोडेमच्या पुढे. आणि ती केबल काढायची वेळ आलीच, तर आधी मोडेमची वीज बंद करा.

उपग्रह जवळचा की लांबचा

घरातली मांडणी बरीचशी यावर ठरते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्या वेगानेच फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी थांबलेला भासतो. इस्रोचा डिसेंबर २०१८ मध्ये सोडलेला जीसॅट-११ असाच आहे, ७४ अंश पूर्व रेखांशावर. पुण्याचा रेखांश ७३.८५ च्या आसपास, म्हणजे आपल्याकडून तो जवळजवळ नेमका दक्षिणेला आणि क्षितिजापासून सुमारे ६८ अंश वर. छत्री इतकी उभी बघत असल्याचा फायदा असा की तिच्यापेक्षा १० मीटर उंच आंबा दक्षिणेला असला, तरी तो ४ मीटरहून जास्त लांब असेल तर आड येत नाही. पुणे जिल्ह्याला अशी मोठी छत्री नवी नाही. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून परदेशी दूरध्वनीसाठी उपग्रह केंद्र होतं.

दुसरा प्रकार खालच्या कक्षेचा. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात. एकेक उपग्रह काही मिनिटंच डोक्यावर असतो, मग छत्री दुसऱ्याला पकडते. तिला एका दिशेची फट पुरत नाही, मोठं मोकळं आभाळ लागतं. कोपऱ्यात एक नारळ आला तरी दर थोड्या वेळाने कॉल तुटतो, आणि घरचे वाय-फायला दोष देत बसतात. स्टारलिंकला आपल्या दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. आपल्या गावात सेवा घेता येते का, हे कंपनीकडेच विचारून घ्या. परदेशातून कोणी आणलेला संच इथे परस्पर लावणं बेकायदा आहे.

आता वेळेचा हिशेब. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. तुमची मागणी ३६,००० किलोमीटर वर, तेवढीच खाली कंपनीच्या केंद्रात. उत्तरही तसंच परत. एकूण १ लाख ४४ हजार किलोमीटर, म्हणजे ०.४८ सेकंद. यंत्रांचा वेळ धरून प्रत्यक्षात ०.६ सेकंद किंवा जास्त. एखादी साइट उघडताना आधी तिचा पत्ता विचारला जातो, मग संपर्क जुळतो, मग गुप्ततेची किल्ली ठरते, मग पान मागितलं जातं. अशा चार फेऱ्या झाल्या तर पहिलं अक्षर दिसायलाच २.४ सेकंद गेले. जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेऊन ही वेळ कमी होत नाही. खालच्या कक्षेत ती २५ ते ५० मिलिसेकंदांवर येते, त्यामुळे तिथे व्हिडिओ कॉल सहज होतो.

भूस्थिर जोडणीवर दोन गोष्टी नक्की करा. पत्ता विचारण्याचं काम, म्हणजे डीएनएस, राउटरकडे (नेट घरातल्या यंत्रांना वाटणाऱ्या डब्याकडे) द्या आणि मिळालेले पत्ते त्याला साठवून ठेवायला लावा. एकाने विचारलेला पत्ता मग बाकीच्यांना घरातच मिळतो, एक फेरी वाचते. दुसरी गोष्ट हिंजवडी-खराडीच्या कंपनीत नोकरी आणि गावाकडे मुक्काम असणाऱ्यांसाठी. या मोडेममध्ये एक सोय असते: पलीकडून पोच येण्याची वाट न पाहता मोडेम स्वतःच संगणकाला पोच देतो, म्हणून डाउनलोडला वेग येतो. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी बंद, गुप्त वाट) चालू केलं की सगळं बंद पाकिटात जातं, मोडेमला आतलं दिसत नाही आणि ही सोय निकामी होते. व्हीपीएन राउटरवर टाकून सगळं घर त्यात ढकलू नका. ऑफिसच्या लॅपटॉपवरच ठेवा, आणि ऑफिसचं तेवढंच त्यातून जाईल अशी सेटिंग आयटी विभागाकडून करून घ्या.

घरात कारभारी एकच

सोसायटीचा पत्ता एक, फ्लॅट अनेक. कुरिअर गेटवर येतं आणि वॉचमन नोंदवही बघून वर पाठवतो. राउटर हेच करतो. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा एकच पत्ता दिसतो आणि आत प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.२५ असा घरगुती क्रमांक मिळतो. हे क्रमांक वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. घरात ते काम एकाच यंत्राने करायचं.

घोळ होतो तो जुना राउटर जोडल्यावर. माळ्यावर पडलेला फायबरच्या वेळचा राउटर मागच्या खोलीसाठी काढला जातो आणि केबल त्याच्या वेगळ्या रंगाच्या, वॅन (बाहेरून येणारं नेट) लिहिलेल्या भोकात खोचली जाते. झाले दोन वॉचमन. मागच्या खोलीतल्या लॅपटॉपला पुढचा प्रिंटर दिसत नाही, फोनवरून टीव्हीवर चित्र टाकता येत नाही. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर मागच्या खोलीत नेटच येत नाही, कारण आतलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे राउटरला कळत नाही.

जुन्या राउटरला नुसता वाय-फायचा खांब बनवायचं असेल तर क्रम असा ठेवा. तो मुख्य राउटरपासून सुटा असतानाच लॅपटॉप केबलने त्याला जोडा. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून सेटिंगचं पान उघडा, लॅनचा (घरातल्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करा. तो परत सुरू झाला की नव्या पत्त्यावर जाऊन वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखेच ठेवा. डीएचसीपी सगळ्यात शेवटी बंद करा, कारण ते आधी बंद केलं तर लॅपटॉपला क्रमांक मिळत नाही आणि तुम्ही त्या पानाबाहेर अडकता. मग मुख्य राउटरची केबल याच्या लॅनच्या भोकात घाला; वॅनचं भोक रिकामं राहू द्या. काही राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असं एक बटण असतं, ते हेच सगळं करतं.

मोडेममध्येच राउटर असेल आणि तुम्हाला स्वतःचा चांगला राउटर लावायचा असेल, तर मोडेमला ब्रिज किंवा बायपास मोडमध्ये टाका, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद होतं. जमलं की नाही हे बघायला तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता वाचा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर अजूनही दोन कारभारी आहेत. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर घरातलं काम बरोबर झालं; पण कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना मिळून दिला आहे. मग पुण्यातून गावचा कॅमेरा बघायला राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून उपयोग होत नाही. टेलस्केलसारखी, दोन्ही टोकांची यंत्रं परस्पर जोडणारी सोय किंवा कॅमेऱ्याचं स्वतःचं ॲप लागतं.

मोडेमला फक्त यूएसबीने एकच संगणक जोडता येत असेल, तर विंडोजची इंटरनेट शेअरिंगची सोय आहे. तो संगणक स्वतः १९२.१६८.१३७.१ होतो आणि बाकीच्यांना नेट देतो. पण तो बंद पडला की घर बंद. तात्पुरतं ठीक.

भिंती, पत्रा आणि तारा

मावळातल्या जुन्या घरांच्या काळ्या दगडाच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय अशा एका भिंतीतच दमतं, २.४ चं थोडं पुढे जातं पण वेग कमी. पत्रा तर लहरी परतवूनच लावतो. अशा घरात महागडा राउटर घेण्यापेक्षा प्रत्येक भागात केबल नेऊन तिथे छोटा खांब लावणं जास्त चालतं. दोन खांबांना २.४ मध्ये चॅनेल १, ६, ११ यांपैकी वेगवेगळे द्या.

केबल घेताना तपकीर गल्लीत दोन गुंडाळ्या समोर येतील, सारख्याच दिसणाऱ्या, भावात बराच फरक. दोन्हींमधली एकेक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट चकाकी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. शुद्ध तांबं कितीही खरवडलं तरी तांबूसच राहतं. ॲल्युमिनियमची तार दोनदा वाकवली की तुटते. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज दिली असेल तर एक चमत्कारिक तक्रार येते: कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू होत राहतो. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, जास्त वीज ओढतात आणि लांबच्या तारेत व्होल्टेज पडतं.

टोकाचा प्लग बसवताना त्याची खिटी खाली आणि तारांची टोकं पलीकडे धरली, की डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. आठही टोकं एका रेषेत कापा, पिळा १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं जाईल इतकं ठेवा; नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो. जोडल्यावर लॅपटॉपवर लिंकचा वेग बघा. १,००० ऐवजी १०० दिसला तर बहुतेक आठांपैकी एखादी तार लागलेली नाही. एका ओढीची मर्यादा १०० मीटर.

घरापासून गोठा किंवा विहिरीची खोली ६० मीटरवर असेल तर अंतर मर्यादेत बसतं, तरीही तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. एप्रिल-मेचा वळीव विजांसकट येतो. वीज जवळपास पडली तरी दोन इमारतींच्या जमिनीत व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो या तारेतून वाट काढत राउटर, टीव्ही, कॅमेरे सगळं जाळतो. तिथे फायबरची तार आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (तारेतल्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा सिग्नल करणारे डबे) लावा. काचेतून वीज जात नाही. एकाच धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने येतात. दुकानदाराने चुकून दोन ए दिले तर दिवा लागणारच नाही, तेव्हा खोका तिथेच उघडून बघा.

रांग लागते ती वर जाताना

सगळ्यात जास्त भांडणं याच मुद्द्यावर होतात, आणि कारण मात्र क्वचितच सापडतं. उपग्रहाच्या जोडणीत खाली येणारा वेग बरा असतो, वर जाणारा अगदी थोडा. समजा वरचा ५ एमबीपीएस आहे. लग्नाचा ३०० एमबीचा व्हिडिओ कोणाच्या फोनवरून आपोआप बॅकअपला गेला, तर ८ मिनिटं ती वाट भरलेली राहते. त्या वेळात मोडेम बाकीच्यांची पाकिटं रांगेत साठवतो. रांगेत १ एमबी साठलं की मागच्याला १.६ सेकंद थांबावं लागतं. मुलाचा ऑनलाइन क्लास अडखळतो तो यामुळे. खालचा वेग मोजला तर तो चांगलाच दिसतो, म्हणून सगळे चक्रावतात.

खात्री करायला लॅपटॉपवरून पिंग ८.८.८.८ (बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आज्ञा) सतत चालू ठेवा आणि फोनवरून मोठी फाइल पाठवा. खालच्या कक्षेच्या जोडणीवर ४० चे ८०० मिलिसेकंद झाले, भूस्थिरवर ६५० चे २,००० झाले, की रांग सापडली.

उपाय असा की रांग मोडेममध्ये लागूच द्यायची नाही. ती तुमच्या राउटरमध्ये, तुमच्या नियमाने लावायची. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरमध्ये एसक्यूएम नावाची, रांग सांभाळणारी सोय आहे, त्यात केक हा प्रकार निवडा. वरचा वेग सकाळी, दुपारी आणि रात्री ९ नंतर मोजा, आणि सगळ्यात कमी आलेल्या आकड्याच्या ८५ टक्के तिथे भरा. थोडा वेग सोडून द्यावा लागतो, पण लहान पाकिटांना, म्हणजे कॉलच्या आवाजाला, मोठ्या फाइलच्या मागे ताटकळावं लागत नाही. राउटर घेण्याआधी ही सोय त्यात आहे का ते बघा. आम्ही तर वाय-फायच्या वेगाच्या आकड्याआधी हेच बघायला सांगू. नसेलच, तर निदान प्रत्येक फोनला वर जाण्याची मर्यादा घाला.

कॅमेऱ्यांचा हिशेब वेगळा करा. सतत १ एमबीपीएस वर पाठवणारा एक कॅमेरा २४ तासांत १०.८ जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे ४३ जीबी रोज. मर्यादित डेटाचा प्लॅन आठवड्यात संपेल. चित्रीकरण घरातल्या रेकॉर्डरवरच साठवा आणि लांबून बघताना कमी दर्जाचा सबस्ट्रीम उघडा. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणी मीटर्ड, म्हणजे डेटा जपून वापरायची, अशी करा. अपडेटच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये स्थानिक नेटवर्कवरच्या संगणकांकडून घ्यायची परवानगी द्या, म्हणजे एका संगणकाने उतरवलेलं दुसऱ्याला घरातूनच मिळतं. टीव्हीवर एचडी पाहिलं तर तासाला ३ जीबीपर्यंत जातं, साध्या दर्जाला १ जीबीच्या आत. आजीच्या मालिकेला साधा दर्जा पुरतो.

पाऊस आणि वीज

उपग्रहाचं नेट ज्या केयू आणि केए पट्ट्यांवर येतं, त्यांच्या लहरी एक ते अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. पावसाचे टपोरे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. संततधारेत नेट हळू होतं. ताम्हिणीसारखा कोसळला तर काही मिनिटं जातं आणि आपोआप येतं. तेव्हा मोडेम बंद-चालू करू नका, परत उपग्रह पकडण्यात उलट जास्त वेळ जातो.

पाऊस थांबल्यावरही नेट रडत असेल तर जोड बघा. वीज बंद करून छत्रीजवळचा गोल पितळी जोड उघडा. मधली तार लख्ख असेल तर ठीक. ती काळी-हिरवी पडली असेल, जाळीवर पांढरी भुकटी दिसली, तर पाणी शिरलं आहे. फडक्याने पुसून भागत नाही; पाणी जाळीतून हातभर आत गेलेलं असतं. चांगली तार दिसेपर्यंत कापा, नवा जोड बसवा, वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. छत्रीच्या खांबाला अर्थिंग हवंच.

वीज गेल्यावर किती चालेल? खालच्या कक्षेची छत्री ७५ ते १०० वॅट घेते. राउटर, खांब धरून ११० म्हणा. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरावेत, आणि इन्व्हर्टरची २० टक्के गळती वजा केली की ७२० उरतात, म्हणजे साडेसहा तास. फॅन-दिवे त्यावरच असतील तर त्याहून कमी. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएसवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये वीज जाताना क्षणभराचा खंड पडतो, मोडेम परत सुरू होतो आणि मीटिंगमधून बाहेर फेकले जाता.

शेजारच्या वस्तीला नेट द्यायची इच्छा होते, आणि ती चांगली आहे. पण घरगुती प्लॅन साधारणपणे त्याच घरापुरता असतो, आणि पैसे घेऊन वाटणं म्हणजे परवाना लागणारा धंदा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम-वाणी योजनेत छोट्या दुकानदाराला परवान्याशिवाय वाय-फाय देता येतं. त्यासाठी कंपनीकडून तशी परवानगी असलेली जोडणी घ्यावी लागते.

नेट गेल्याची ओरड झाली की लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडा: एकीत पिंग १९२.१६८.१.१ (मुख्य राउटर), दुसरीत पिंग ८.८.८.८. पहिलीतच उत्तर तुटत असेल तर दोष वाय-फाय किंवा केबलचा. लॅपटॉप मुख्य राउटरला तारेने जोडून परत बघा. पहिली १-२ मिलिसेकंदांवर स्थिर आणि दुसरी मधूनमधून खूप वाढत असेल तर कोणीतरी वर काहीतरी पाठवतंय. दुसरी पूर्ण बंद आणि आभाळ कोरडं असेल, तर मोडेमच्या पानावरचा सिग्नलचा आकडा वाचा आणि तो सांगूनच कंपनीला फोन लावा. सगळं नीट चालू असतानाचा आकडा राउटरखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असेल, तर फोनवरच्या माणसाला छत्री हलली की जोडात पाणी शिरलं याचा अंदाज तिथल्या तिथे बांधता येतो.